परसातला शिट्टीवाला पाहुणा

"खोटं असेल ना, तर मला पन्नास पावलांवरून वास येतो!" असं जावईबापू छातीठोकपणे सांगत. आणि ते नुसतीच फुशारकी मारत होते असंही नाही. ते विमा कंपनीत दावे तपासायचे काम करत. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या तळघरात पाणी शिरलं, कुणाची गाडी उभ्याउभ्या खांबावर जाऊन आपटली, की कंपनी जावईबापूंना धाडायची. ते जायचे, वाकायचे, हुंगायचे, भिंतीवर टकटक करायचे आणि निकाल द्यायचे, "आग इथे लागलेलीच नाही. माळ्यावर लावलेली आहे!" समोरचा माणूस तिथेच घामाने निथळायचा.

जावईबापू हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. पण सासरे राहायला आल्यापासून ते त्यांना याच नावाने हाक मारत, आणि ती अशा खणखणीत आवाजात, की पेपरवाल्यापासून शेजारच्या शिंपीणबाईंपर्यंत सगळ्या गल्लीने तेच नाव उचललं.

सासरेबुवांचा आवाज मोठा असण्याला कारण होतं. त्यांनी सगळी हयात जहाजाच्या इंजिनखोलीत काढली होती. तिथल्या धडधडाटाने त्यांचे कान केव्हाच रामराम ठोकून गेले होते. बारीक सूर तर त्यांना वर्षानुवर्षं ऐकूच येत नव्हते. शेवटी लेकीने मागे लागून लागून उजव्या कानात मशीन बसवून घेतलं होतं. म्हातारबुवांना ते अजिबात आवडत नसे. पण लेकीचा शब्द मोडवत नाही म्हणून सकाळी कानात घालायचे, आणि बॉयलरची चावी फिरवावी तसं त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायचे.

जावयाशी त्यांचं बोलणं एका शब्दाचं. जावयाने घर घेतलं. "बरं." जावयाला बढती मिळाली. "बरं." जावई जिन्यावरून घसरून पाय प्लास्टरात घालून बसले. तेव्हाही "बरं"च! एवढी मोठमोठी माणसं जावईबापूंपुढे चळाचळा कापत, पण या एका शब्दापुढे जावईबापूंची बोबडी वळे. त्यामुळे सासरे बैठकीत आले, की यांना हटकून मागच्या खोलीत काहीतरी काम निघे.

बायको या दोघांच्या मध्ये पडायला घरात असायचीच कमी. ती तलावावर पोहायला शिकवायची. उजाडायच्या आत बाहेर, ती साडेदहा-अकराला परत. गळ्यात कायम शिट्टी. घरातही ती तोंडाऐवजी शिट्टीनेच बोले. एक शिट्टी म्हणजे जेवायला या, दोन म्हणजे ओला टॉवेल पलंगावरून उचला!

तर अशा या घराच्या मागे छोटंसं परस होतं. कुंपणाची झुडपं, एक नळ, कपडे वाळत घालायची दोरी आणि एक भलंमोठं तुतीचं झाड. वसंत आला की झाड फळांनी असं लगडायचं, की खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर जांभळे ठिपके पडल्याशिवाय राहत नसत. आणि याच दिवसांत दूरदेशी परत निघालेले पाहुणे पक्षी गावावरून जात. गावातलं पक्षीनिरीक्षण मंडळ मग डोळ्याला दुर्बीण लावून वणवण हिंडे.

या मंडळात शिरायचं हे जावईबापूंचं जुनं स्वप्न! पण मंडळाच्या अध्यक्ष होत्या बालवाडीच्या बाई. त्यांचा नियम कडक. आधी आपल्या परिसरात एक तरी पाहुणा पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तो मंडळाला दाखवायचा, मगच सभासद व्हायचं. मागल्या वर्षी त्यांनी जावईबापूंना एका फेरीला पाहुणे म्हणून नेलं होतं. जावईबापू तळ्यावर पोचेपर्यंत तीन जळीत प्रकरणं आणि एक बुडीत प्रकरण सांगून मोकळे झाले. तळ्यावरचे झाडून सगळे पक्षी उडाले. बाईंनी निरोप देताना गोड आवाजात सांगितलं होतं, "तुम्ही छान बोलता हं! पण आमच्यात नको."

हे त्यांच्या मनाला लागलं होतं. म्हणून त्या सकाळी चहाचा कप घेऊन ते परसात आले आणि कानावर तो सूर पडला, तेव्हा त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"टीऽऽऽई!"

बारीक, लांब, धारदार. जणू कुणी काचेवरून ओलं बोट फिरवतंय. तुतीखाली खुर्ची टाकून सासरेबुवा उन्हाची टोपी कानापर्यंत ओढून पेपर वाचत बसले होते. बाकी परसात चिटपाखरू नव्हतं.

"बाबा, ऐकलंत?"

"बरं," सासरेबुवा म्हणाले.

"टीऽऽऽई!"

जावईबापूंनी चहा कुंडीत ओतला आणि तपासाला सुरुवात केली. कुंपण पाहिलं, पन्हळ पाहिली, झाडाच्या फांद्या पाहिल्या. आवाज खुर्चीच्या आसपासच घुटमळत होता, पण पक्षी काही दिसेना. थोड्या वेळाने सासरेबुवा टोपी काढून घरात गेले आणि आवाज बंद. दुसऱ्या दिवशी ते येऊन बसले, आवाज सुरू. उठून गेले, बंद!

एखाद्या साध्या माणसाला इथे शंका आली असती. पण जावईबापू साधे नव्हते, ते तज्ज्ञ होते. त्यांनी हातावर हात मारला.

"आलं लक्षात! पक्षी लाजाळू आहे, पण बाबांवर त्याचा विश्वास बसलाय! बाबा हालत नाहीत, बोलत नाहीत. त्याला ते झाडाचं खोडच वाटतंय!"

रात्री जेवताना त्यांनी बायकोला ही बातमी दिली.

"ओरडतो तरी कसा?" तिने विचारलं.

जावईबापूंनी मान वर केली, गाल फुगवले आणि सूर लावला. तो ऐकून शेजारच्या शिंपीणबाईंनी खिडकी उघडून "गॅस बंद करा हो कुणीतरी!" म्हणून हाक दिली.

"मी पुस्तकात पाहिलंय," जावईबापू जराही न डगमगता म्हणाले. "वटवट्याच्या कुळातला असणार."

"घरात एक वटवट्या आहे तेवढा पुरे की! दुसरा कशाला?" बायको म्हणाली आणि ताटं उचलून गेली.

दुसऱ्या दिवसापासून जावईबापूंनी सासऱ्यांची अशी काही सरबराई सुरू केली, की विचारू नका. खुर्चीवर उशी आली. पायाखाली पाट आला. "बाबा, बसा की अजून थोडा वेळ!" "बाबा, इतक्यात कुठे निघालात? ऊन छान आहे!" "बाबा, चहा इथेच आणतो, उठू नका!" आणि मग स्वतः शेजारी मातीत बसकण मारून, कान टवकारून तास तास गप्प.

इकडे सासरेबुवा चकित. इतकी वर्षं आपल्याला बघून मागच्या खोलीत पळणारा हा माणूस आता आपल्या पायाशी बसतो? कचेरीला उशीर करून? म्हातारबुवांच्या मनात काहीतरी हललं. वरवर ते पेपरात तोंड खुपसून बसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी घसा खाकरला.

"जावईबापू, एकदा भर समुद्रात आमचा बॉयलर फुटायला आला होता. सांगितलंय का मी तुम्हाला?"

"टीऽऽऽई!" कुठूनसं आलं.

"सांगा सांगा!" जावईबापू झुडपाकडे बघत म्हणाले. "सावकाश सांगा! अजिबात घाई नाही!"

आणि सासरेबुवा बोलू लागले. एका शब्दाचा माणूस, तो बांध फुटल्यासारखा बोलू लागला! बॉयलरची गोष्ट, तुटलेल्या पंख्याची गोष्ट, धुक्यात हरवलेल्या बंदराची गोष्ट. गंमत अशी, की पहिले दोन दिवस जावईबापूंनी यातलं अक्षरही ऐकलं नाही. पण तिसऱ्या दिवशी बॉयलरचा काटा लाल रेघेपाशी आला आणि जावईबापूंच्या तोंडून नकळत निघून गेलं, "मग? मग काय झालं?" तेवढ्यात चहा उतू गेला आणि गोष्ट तिथेच राहिली.

शुक्रवारी त्यांनी मोठ्या दिमाखात बाईंना फोन लावला. "रविवारी या. सगळ्या मंडळाला घेऊन या. परसात एक दुर्मीळ पाहुणा उतरलाय. मी स्वतः खात्री केली आहे!"

"तुम्ही बोलणार नाही ना?" बाईंनी विचारलं.

"चकार शब्द नाही!"

रविवारी मंडळ आलं. आठ-नऊ माणसं, सगळ्यांचे कपडे मातकट आणि पालापाचोळ्याच्या रंगाचे. परसात ओळीने उभी राहिली तर कुणीतरी वाळकी रोपं आणून लावल्यासारखी दिसली. सोबत मंडळाचे चिटणीस, म्हणजे गावातले दंतवैद्य. त्यांच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. रोज लोकांच्या तोंडात वाकून बघायची सवय, त्यामुळे ते झाडाच्या ढोलीतही "मोठा आऽ करा" अशा चेहऱ्याने बघत. आणि सगळ्यांच्या पुढे बाई. बुटक्या, टापटीप, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी नुसती नजर फिरवली आणि म्हणाल्या,

"हाताची घडी, तोंडावर बोट!"

नऊच्या नऊ प्रौढ माणसांनी हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. जावईबापूंनीही ठेवलं.

सासरेबुवांना ठरल्याप्रमाणे तुतीखाली बसवलेलं होतं. टोपी होतीच. म्हातारबुवांनी मान वर केली तर समोर एवढी माणसं, दुर्बिणी आणि तोफ, सगळ्यांची तोंडं आपल्याकडे! त्यांना वाटलं, जावईबापूंनी आपल्या गोष्टी ऐकायला माणसं जमवली. त्यांचा चेहरा असा उजळला, की काय सांगावं! त्यांनी टोपी जरा घट्ट बसवली.

"टीऽऽऽई!"

बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधी लागल्यासारखा आनंद पसरला.

"अहाहा!" त्या कुजबुजल्या. "इतक्या वर्षांत असा शुद्ध सूर ऐकला नाही मी! नर आहे."

"नर कशावरून?" दंतवैद्यांनी हळूच विचारलं.

"आर्तता ऐका ना त्यातली! एकटा आहे हो बिचारा. जोडीदारीण शोधतोय."

"तर मंडळी," सासरेबुवा गरजले, "भर समुद्रात आमचा बॉयलर..."

"शूऽऽऽ!" नऊ तोंडांनी एकदम म्हटलं.

सासरेबुवा थबकले. पुन्हा एकदा प्रयत्न केला. पुन्हा "शूऽऽऽ!" बोलवायचं आणि बोलू द्यायचं नाही, ही कुठली रीत? लोक त्यांच्या कानाजवळ दुर्बिणी आणून टक लावून बघत होते. एक जण तर खुर्चीखाली आडवा झाला होता! शेवटी ते वैतागले, उठले आणि अंघोळीला निघाले.

"उडाला!" बाई दबक्या आवाजात ओरडल्या. "नळाकडे गेला! आता पायरीवर! आता... आता घरात शिरला!"

बाथरूम घराच्या मागच्याच अंगाला होतं आणि त्याची उंचावरची छोटी खिडकी परसात उघडत असे. आत कडी लागल्याचा आवाज आला. सासरेबुवांनी टोपी काढली, मशीन काढलं आणि पाणी लागू नये म्हणून स्टीलच्या डबीत घालून, झाकण लावून खिडकीत ठेवलं. बंद करायचं मात्र विसरले. आता बंद डब्यात चालू मशीन ठेवलं की ते काय करतं, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना ठाऊक असेल. आतापर्यंत जो पक्षी थांबून थांबून गात होता, त्याने अखंड तान लावली!

"टीऽऽऽऽऽऽऽऽऽई!"

"खिडकीत आहे!" "आत अडकलाय!" "तडफडतोय हो!" परसात एकच गलका. तोंडावरची बोटं गळून पडली.

जावईबापूंनी दारावर धाडधाड थापा मारल्या. "बाबा! दार उघडा! आत पक्षी आहे!" पण बाबांचे कान डबीत. आतून नळाचा आवाज आणि इंजिनखोलीतलं कुठलंसं गाणं तेवढं येत होतं.

"शिडी आणा," बाई म्हणाल्या. "असं नाही चालायचं. पाहुणा आहे तो आपला. त्याला सोडवलाच पाहिजे. कोण शहाणं बाळ वर चढणार?"

"मी!" जावईबापूंनी हात वर केला.

शिडी लागली. जावईबापू चढले. खिडकीला मध्ये एक आडवी पट्टी होती. त्यांनी डोकं तिरकं केलं, पट्टीखालून आत सरकवलं आणि ते छानपैकी आत गेलं.

आत पाहतात तो काय! पक्षी नाही. पंख नाही, पीस नाही. नाकासमोर एक स्टीलची डबी. आणि डबी गातेय!

जावईबापूंनी हनुवटीने झाकण ढकललं. झाकण खाली पडलं. डबीत सासरेबुवांचं मशीन.

त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढून सगळा आठवडा सरकला. टोपी. खुर्ची. आले की सुरू, गेले की बंद. खोट्याचा वास पन्नास पावलांवरून घेणाऱ्या माणसाच्या नाकापासून पुरावा चार बोटांवर होता, आणि त्या पुराव्यापुढे तो आठवडाभर मातीत बसला होता! त्यांनी डोकं मागे घ्यायला सुरुवात केली. डोकं येईना. जाताना कान मागे दुमडून आत गेले होते, आता ते छत्रीसारखे उघडून बसले होते.

"दिसला का?" खालून बाईंचा अधीर आवाज आला.

आता काय सांगायचं? खरं सांगावं तर अब्रू जाते. खोटं तर त्यांनी आयुष्यात कुणाचं चालू दिलं नव्हतं.

"दि... दिसला," ते म्हणाले.

"रंग?"

"फिकट. बदामीसर."

"चोच कशी आहे?"

"चोच... चोच नाही."

खाली माना एकमेकांकडे वळल्या. "आणि शेपटी?"

"आहे. बारीक नळीसारखी. आरपार दिसतं तिच्यातून."

"अगं बाई!" बाईंना भरून आलं. "नवी जात! चिटणीस, कॅमेरा तयार ठेवा!"

एवढ्यात सासरेबुवांनी डोळ्यांवरचा साबण धुतला, सहज वर पाहिलं आणि खिडकीत जावयाचं मुंडकं बघून अशी आरोळी ठोकली, की शिडी हादरली. हाताला लागेल तो टॉवेल गुंडाळून त्यांनी मशीन कानात कोंबलं.

"काय हवंय काय तुम्हाला?"

आणि नेमकी याच वेळी परसाच्या फाटकात शिट्टी वाजली. खरी, तलावावरची! फुर्रर्र! माणसं जागच्या जागी थिजली. बायको आली होती. तिने एकवार सगळं पाहिलं. मातकट कपड्यांतली अनोळखी फलटण, तोफ, शिडी, आणि शिडीच्या वरच्या टोकाला नवऱ्याचा कमरेखालचा भाग.

"कोण बुडतंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही, बाळ," बाई म्हणाल्या. "पक्षी. ऐका, अजून ओरडतोय!"

बायकोने ऐकलं. सासरेबुवांनी मशीन घाईघाईत कसंतरी कोंबलं होतं, ते चिरक्या सुरात रडत होतं.

"हे?" ती म्हणाली. "हे तर बाबांच्या कानाचं मशीन! नीट बसलं नाही की शिट्टी मारतं. बाबा, टोपी कानावर ओढू नका म्हणून किती वेळा सांगितलं! बटण खाली करा आधी!"

आतून बटण खाली झालं. सूर थांबला.

तुतीचं एक फळ टपकन खाली पडलं. नऊ दुर्बिणी हळूहळू खाली आल्या. दंतवैद्य बाईंकडे बघेनात. "नर तर नर," एवढंच ते स्वतःशी पुटपुटले. बाईंचे कान लाल झाले होते.

आत त्याहून अवघड प्रसंग होता. सासरेबुवांनी बाहेरचं सगळं ऐकलं होतं. ते टॉवेल सावरत खिडकीखाली उभे राहिले आणि त्यांनी मान वर करून जावयाकडे पाहिलं.

"म्हणजे मला रोज बाहेर बसवत होतात, ते या शिट्टीसाठी?" आवाज मोठा नव्हता. कधी नव्हे तो अगदी लहान होता. "मला वाटलं, गोष्टी ऐकायला बसता."

जावईबापूंना मान खाली घालायची होती, पण तेवढीही सोय नव्हती.

"आधी शिट्टीसाठीच, बाबा," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण तो बॉयलरचा काटा लाल रेघेवर गेला, त्याचं पुढे काय झालं या विचाराने मला दोन रात्री झोप नाही. शप्पथ!"

सासरेबुवा त्यांच्याकडे बघत राहिले. आणि ते काही बोलणार, इतक्यात बाहेर आभाळ सांडलं!

आधी सरसर आवाज आला, वाळूचा ढीग कलंडावा तसा. मग सावली आली. आणि मग शेकड्यांनी पक्षी तुतीवर कोसळले! गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे, तुरेवाले. फांदी फांदीवर, दोरीवर, नळावर, खुर्चीच्या पाठीवर. झाड दिसेनासं झालं. नुसता गुलाबी गलबला! चिवचिव, किचकिच, भांडणं, ओढाओढ, लग्नाच्या पंगतीत एकदम सगळ्यांनी वाढ म्हणावं तसा कल्लोळ!

"भोरड्या!" बाईंनी किंकाळी फोडली. तोंडावर बोट वगैरे सगळं विसरून त्या चक्क उड्या मारू लागल्या. "भोरड्या आल्या! परतीला निघाल्यात! अहो, हा एवढा थवा! बघा, बघा, बघा!"

"काय आलंय?" जावईबापू खिडकीतून ओरडले. पण तोंड बाथरूमकडे. "कोण आलंय? मला सांगा! अहो, कुणीतरी शिडी फिरवा!"

कोण ऐकतंय! सासरेबुवांनी कडी काढली आणि टॉवेलवरच परसात धावले. दारातच त्यांचे पाय थांबले. लेकीने पुढे होऊन त्यांच्या कानातलं मशीन हलकेच नीट बसवलं. आणि म्हातारबुवांचा चेहरा बदलला.

"हा... हा आवाज कसला?"

"पक्ष्यांचा, बाबा."

"एवढा? पक्षी एवढा आवाज करतात?"

"कायमच करतात."

इंजिनखोलीतून वर आल्यावर डेकवर नुसते पंख हलताना दिसायचे, चोची उघडताना दिसायच्या. आवाज त्यांनी कधी हिशेबात धरलाच नव्हता. ते झाडाखाली जाऊन उभे राहिले. डोक्यावर तुती पडत होत्या, पक्ष्यांच्या कृपेचे जांभळे शिंतोडे खांद्यांवर पडत होते, आणि ते तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

"वा!" ते म्हणाले. मग पुन्हा, "वा!" बाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याही अंबाड्यावर एक जांभळा ठिपका पडला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लहान मुलांसारखी खदाखदा हसली.

जावईबापूंना एवढंच कळलं, की बाहेर स्वर्ग उतरलाय. समोर सासऱ्यांचा दाढीचा आरसा होता. त्यात मान मोडेपर्यंत तिरकं बघितल्यावर कोपऱ्यात अर्ध्या शेपटीएवढं काहीतरी गुलाबी हललं. तो टॉवेलही असू शकेल. आणि कमरेवर कुणीतरी येऊन टुणकन बसल्यासारखं वाटलं खरं.

झाडावर एक तुती उरली नाही, तेव्हा थवा उठून गेला. मग कुठे लोकांना शिडीची आठवण झाली. सासरेबुवा आत आले, त्यांनी साबण घेतला आणि जावयाच्या कानांमागे हलक्या हाताने चोळू लागले.

"अडकलेला पिस्टन असाच सोडवतात," ते म्हणाले. "ओढायचा नाही. तेल लावायचं आणि धीर धरायचा. त्या दिवशी बॉयलरलाही हेच केलं."

"मग काटा खाली आला?"

"हळूहळू आला. हं, आता मान डावीकडे!"

डोकं सुटलं. बाहेर आल्यावर दंतवैद्यांनी त्यांना कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. म्हणाले, असा फोटो जन्मात एकदा मिळतो. मध्यभागी शिडी, शिडीवर जावईबापूंची पाठमोरी विजार, सभोवार गुलाबी ढग, आणि विजारीवर ऐटीत तुरा उभारून बसलेली एक भोरडी!

"मग बाई," जावईबापूंनी कानांचा साबण पुसत विचारलं, "मी सभासद झालो ना?"

बाईंनी त्यांच्या गालावर हलकी चापटी मारली. "नियम असा आहे, की सभासदाने पक्षी पाहायला हवा. इथे पक्ष्याने तुम्हाला पाहिलंय, बाळ." मग त्या सासरेबुवांकडे वळल्या. "तुम्ही मात्र पुढच्या रविवारपासून यायचं. बॉयलरची गोष्ट आम्हाला चहाच्या वेळी सांगायची."

पुढच्या रविवारी जावईबापूंनी सासऱ्यांना गाडीतून तळ्यावर नेलं. मंडळ दुर्बिणी घेऊन झाडीत शिरलं. बाईंनी जाताना खिडकीतून सांगितलं, "तुम्ही गाडीतच बसा हं." जावईबापू बसले. बोलायला कुणी नव्हतं, मग ते गप्प बसले. खूप वेळ.

आणि गाडीच्या नाकाडावर एक पक्षी येऊन उतरला! बोटभर जीव. त्याने मान तिरकी करून काचेतून आत पाहिलं. जावईबापूंनी श्वास रोखला. पक्षी दोन उड्या पुढे आला, काचेवर टुक टुक चोच मारली, पुन्हा बघितलं. किती काळे डोळे! पाठीवर किती बारीक नक्षी! जावईबापूंनी आयुष्यात इतका वेळ, इतकं न बोलता, कशाकडेही पाहिलं नव्हतं.

सासरे परत आले तेव्हा ते गाडीतून जवळजवळ उडीच मारून उतरले.

"बाबा, मी पाहिला! माझ्या या डोळ्यांनी! तपकिरी पाठ, गळ्याखाली काळा पट्टा, गाल पांढरट, चोच आखूड आणि जाड! दोन्ही पायांनी उड्या मारत चालतो! कोण असेल?"

सासरेबुवांनी सगळं नीट ऐकून घेतलं. कानातलं मशीन जरा पुढे केलं, पुन्हा एकदा गळ्याखालचा पट्टा विचारला, पुन्हा एकदा चालण्याची तऱ्हा विचारली. मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवून शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले,

"जावईबापू, चिमणी ती."

तळ्यापलीकडे असलेल्या बाईंनीही ते ऐकलं.